चोचीवरचा तुरा

नोरीनने जबड्याच्या जीवाश्माचा तुकडा ॲसिडच्या बादलीतून उचलला, नळाखाली धरला आणि पुसून टेसपुढे ठेवला. ओढ्याकाठच्या चुनखडीच्या गोट्यातून तो हळूहळू मोकळा झाला होता. म्युझियमची टेस सकाळीच येऊन पोचली होती. तिने तुकडा हातात घेतला. चोचीच्या टोकावर नुकत्याच उठू लागलेल्या तुऱ्यावरून ती बोट फिरवत राहिली.

काही वर्षांपूर्वी याच ओढ्याकाठी पहिला जबडाही नोरीननेच शोधला होता. तेव्हा तिचा नवरा क्लाइव्ह तिला 'हाडं हुंगणारी कुत्री' म्हणायचा, तेही पबमध्ये, चारचौघांत. म्युझियमवाले आले, तेव्हा मात्र कुंपण दुरुस्त करताना तो आपल्यालाच दिसला, असं त्याने खुशाल ठोकून दिलं. आयत्या बिळावर नागोबा. शोधणाऱ्याचं नाव जातीला द्यायची रीत. त्या नव्या टेरोसॉरला, डायनासोरच्या काळातल्या उडत्या प्राण्याला, क्लाइव्हचं नाव मिळालं. नोरीन आत पाहुण्यांसाठी चहाबरोबरचे स्कोन भाजत होती.

"नाव घरातच राहिलं ना?" पाहुणे गेल्यावर तो म्हणाला होता. त्या दिवशी तिला त्याची जी किळस आली, ती कायमची.

आता त्याची फुप्फुसं निकामी झाली होती. नाकाला नळी लावून तो व्हरांड्यात बसायचा आणि येईल त्याला आपल्या प्राण्याची गोष्ट ऐकवायचा. थडग्याच्या दगडावर तो प्राणी कोरायचा, हेही त्याने ठरवून टाकलं होतं.

"ती वेगळी जात नव्हतीच, नोरीन," टेस अखेर म्हणाली. "पिल्लांना तुरा नसतो, वाढत्या वयात फुटतो. हा तुकडा मधल्या वयाचा आहे. क्लाइव्हचा तो बिनतुऱ्याचा जबडा म्हणजे आपल्याला आधीच माहीत असलेल्या जातीचं पिल्लू."

"मग नावाचं काय?"

"त्या जातीला आधी दिलेलं नाव टिकतं. क्लाइव्हचं जाईल."

नोरीनला नवल वाटलं नाही. तुरा दिसला त्याच दिवशी तिने टेसला फोन केला होता.

टेसने आवाज खाली आणला. हे छापायची आपल्याला घाई नाही, ती म्हणाली. तुकडा कपाटात ठेवता येईल. क्लाइव्ह आहेत तोवर कुणाला कळायचं कारण नाही.

"तुम्ही म्हणाल तसं करू," टेस म्हणाली.

नोरीनने किटली चढवली आणि तीन कप मांडले.

"डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "उजवीकडे बस. आणि सावकाश सांग, सगळं नीट कळलं पाहिजे त्याला."

टेस जागची हलेना. मग नोरीनने स्वतःच तो तुकडा ट्रेमध्ये कपांशेजारी ठेवला आणि कोपराने जाळीचं दार ढकललं.

"क्लाइव्ह, राजा," ती म्हणाली, "टेस आलीय बघ. तुझ्या प्राण्याबद्दल बोलायचंय तिला."

क्लाइव्हने घाईघाईने केसांवरून हात फिरवला आणि तो खुर्चीत ताठ बसला.