आवडती सिस्टर

"तुमीच एक चांगल्या. बाकीच्या साऱ्या हडळी," करिश्मा म्हणाली आणि खैरुन तिथंच फसली.

गडचिरोलीतल्या त्या मनोरुग्णांच्या वॉर्डात खैरुन नवी नर्स होती, चंद्रपुरात वाढलेली, मनानं मऊ. करिश्मा धानोऱ्याकडच्या जंगलगावातली, विशीतली पोर. कुणी आपल्याला सोडून जाईल या भीतीनं तिचा जीव कासावीस होई आणि ती स्वतःलाच इजा करून घेई. वॉर्डात ती पुन्हापुन्हा भरती होत होती. डॉक्टर त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणत. बाकीचे 'नाटकी' म्हणून मोकळे होत. नाटकासाठी कुणी जीव पणाला लावत नाही, एवढंही ज्यांना कळत नाही त्यांनी दुसरं काम शोधावं, असं खैरुनचं मत होतं.

पण मत बरोबर असून भागत नाही. करिश्मानं तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ही चढली. ड्युटी संपल्यावरही तिच्यापाशी बसू लागली, घरून शेवया आणू लागली, शेवटी आपला फोन नंबरही देऊन बसली. "कदीबी लाव, मी हाव," म्हणाली. मग चंद्रपूरला भावाचं लग्न निघालं. लग्नाच्या गडबडीत करिश्माचा फोन नुसता वाजत राहिला. त्याच संध्याकाळी करिश्मानं पुन्हा हाताला इजा करून घेतली. जुन्या सिस्टर धुरपताबाईंनी वेळेत पाहिलं म्हणून निभावलं.

खैरुन परतली तेव्हा करिश्मानं तोंड फिरवलं. "तुमीबी तशाच."

धुरपताबाईंनी खैरुनला आधी पोटभर रडू दिलं, मग झापलं. "तू तिचा देव झाली, म्हनून मी हडळ झाली. तिच्यापाशी मधलं कोनी नाई, हाच तर आजार हाय. देवाले सुट्टी नसते, तुले हाय. उद्या तू नसली का ही पोरगी हातची जाते. समजलं?"

समजलं. खैरुननं डोळे पुसले आणि मनाशी पक्कं केलं: ही पोर वाचवायची तर आपण तिची आवडती राहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं करिश्माला समोर बसवलं. "नंबर देला ती माही चूक. आता फोनवर मी नाई. दुपारी घरी जाईन, सकाळी येईन. रातच्याले जीव घाबरला त धुरपता सिस्टरले हाक मार."

"तिले? त्यापक्षा मरते."

"मराचं मनात आलं तरी तिलेच सांग. अन् तू रागावली तरी मी सकाळी येनारच."

करिश्मानं ताट भिरकावलं, नको नको त्या शिव्या दिल्या. खैरुननं ताट उचललं आणि वेळ झाली तशी घरी गेली. पाय निघत नव्हता, तरी गेली. सकाळी आली. शिव्या खाल्ल्या, पुन्हा आली. एकदा करिश्मा हळूच म्हणाली, "धुरपता सिस्टर तुमाले कामचोर म्हनते." आधीची खैरुन आठवडाभर धुमसली असती. आता म्हणाली, "चाल, दोघी जाऊन तिलेच इचारू." करिश्मा जागची हलली नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम सरला, इतके दिवस पानं तोडण्यात अडकलेली करिश्माची आई गावाहून येऊन भेटून गेली, तरी खैरुननं हेका सोडला नाही.

मग एका सकाळी ड्युटी सोपवताना धुरपताबाई म्हणाल्या, "रातच्याले हिनं मले हाक मारली. म्हने, 'सिस्टर, मनात कसंतरी येऊन राह्यलं, जवळ बसा.' बसली मी. हाताले काई केलं नाई तिनं."

खैरुनच्या काळजात सुई टोचली. मला नाही, हिला. मग तिची तिलाच लाज वाटली, हसूही आलं. या एका हाकेसाठीच तर ती इतके दिवस शिव्या खात होती.

खाटेवरून करिश्मा म्हणाली, "धुरपता सिस्टरच चांगल्या. तुमी नाई."

"आज रातच्याले मी बी नाई," धुरपताबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "सुट्टी हाय माही. दीपिका येते, नवी सिस्टर."

करिश्माचा चेहरा उतरला. करिश्मानं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"त्या दीपिका सिस्टरले," ती म्हणाली, "हाक मारली त येते का ती?"