उडालेला व्हॉल्व्ह

गिरिधर भोयर कळमेश्वरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळून निवृत्त झाले, त्याला चार महिने होत आले होते. इतकी वर्षं ते पाळीप्रमाणे घरी यायचे, जेवायचे, झोपायचे. आता दिवसभर घरातच असायचे, आणि त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, घरात कुणी पाहुणा उतरल्यासारखं वाटायचं. पाहुणा गुणी होता. पण साखरेचा डबा कुठला, हे रोज विचारायचा.

त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास प्रेमिलाबाईंनी डाळीचा कुकर लावला आणि नेहमीप्रमाणे अंगणात येऊन तारेवरचे कपडे उगाच सारखे करत उभ्या राहिल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, शिटी काही होईना. त्यांनी दारातून डोकावलं. झाकणाच्या कडेने वाफ फसफसत होती, शिटी मात्र जागची हलत नव्हती.

त्यांनी पदर तोंडावर ओढला, भिंतीला पाठ घासत आत गेल्या, ओट्याखाली हात घालून सिलिंडर बंद केला आणि धावतच बाहेर आल्या. पाहतात तर समोर गिरिधर.

"काहून वं, पळून काहून राहिली?"

"काई नाई. शिटी होऊन नाई राहिली."

"थे दिसलं मले. पन कुकर आत आन् तू बाहेर काहून?"

"मी रोजच बाहेर उभी राहते," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तुमी घरी राहत नव्हते, म्हणून तुमाले माहीत नाई."

मग अंगणातल्या पायरीवर बसून त्यांनी ते सांगितलं. त्यांचा मुलगा ऋषिकेश दोन वर्षांचा होता तेव्हाची, सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तो शेगडीपाशी वाट्यांशी खेळत होता. बाहेर कुणाची तरी बकरी ओरडली म्हणून उठून पळाला, आणि मागे धाडकन आवाज झाला. कुकरचा व्हॉल्व्ह उडाला होता. उकळतं वरण छतापर्यंत गेलं होतं. गिरिधर दुसऱ्या पाळीला होते. ते घरी यायच्या आत प्रेमिलाबाईंनी फरशी पुसली, भिंत पुसली, स्टुलावर चढून छताला चुन्याचा हात दिला आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून नवा व्हॉल्व्ह बसवून आणला.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी दिवसभर वाफेतच राहत होते. घरी आल्यावर पुन्हा वाफेचंच काय सांगाव? आन् चूक माझीच असन, असं वाटे. डाळ जास्त भरली असन म्हणून."

सव्वीस वर्षं गिरिधर हजारभर माणसांच्या कारखान्यात वाफेवर नजर ठेवून होते, आणि त्यांच्या घरात एक बाई रोज दोनदा कुकर लावून अंगणात पळत होती.

कुकर पार थंड होईपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही. मग अंगणात वर्तमानपत्र अंथरलं, झाकण आणलं आणि म्हणाले, "बैस इथं. हे तूच कर, मी सांगतो."

प्रेमिलाबाईंनी शिटी उपसून बाजूला ठेवली. तिच्याखालची नळी उन्हाकडे धरली.

"काय दिसते?"

"काई नाई. अंधार."

"मग वाफ कुठून येईन?"

पोती शिवायची दाभण त्यांनी नळीत हळूच घातली. पहिल्यांदा अडली, मग डाळीच्या टरफलांचा पिवळा, घट्ट बोळा टपकन कागदावर पडला. नळाखाली धरल्यावर पाण्याची धार सरळ आरपार आली. शिटीच्या आतल्या भोकांतही साय वाळावी तसा थर बसला होता. तो त्यांनी जुन्या ब्रशने साबण लावून काढला.

शेवटी व्हॉल्व्ह. त्याला हात लावायला त्या तयार होईनात. गिरिधरनी तो काढून आपल्या तळहातावर ठेवला.

"याच्या मधात मऊ धातू असते. नळी बुजली, वाफ कोंडली, का थे वितळते आन् वाफेले वाट करून देते. त्या दिवशी व्हॉल्व्ह बिघडला नव्हता वं. त्यानं त्याचं काम केलं. थो उडाला नसता, तं कुकर फुटला असता."

प्रेमिलाबाई त्या पितळी तुकड्याकडे पाहत राहिल्या.

"मी त्याले शिव्या देऊन नालीत फेकलं होतं," त्या म्हणाल्या.

"एक सांगू? नोकरीच्या पयल्या वर्षी आमच्या बॉयलरचाही उडाला. असा आवाज झाला, का मी पाने-गिने टाकून गेटपर्यंत पळालो. दादाजी वॉचमन म्हणे, ‘कुठं चालला गा, जेवाची सुट्टी व्हाची आहे अजून!’ तुले सांगाची लाज वाटली."

प्रेमिलाबाईंना हसू फुटलं, ते आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी कोपराने पुसलं, कारण हाताला साबण होता.

"हा किती वर्षाचा?" गिरिधरनी व्हॉल्व्ह वर धरून विचारलं.

"तवाचाच."

"बापा! सव्वीस वर्षाचा?"

लगेच स्कूटर काढून दोघं लकडगंजला भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने एक व्हॉल्व्ह पुढे सरकवला, "कोणताही बसते, ताई," म्हणाला. प्रेमिलाबाईंनी पिशवीतून झाकण काढून काउंटरवर ठेवलं. "याच कंपनीचा द्या. आन् रबरपण." गिरिधर मागे हाताची घडी घालून उभे होते.

घरी आल्यावर कुकरमध्ये आधी नुसतं पाणी घातलं. गिरिधर ओट्यापाशी थांबले, प्रेमिलाबाई दारात. आत ये, असं त्यांनी म्हटलं नाही. पहिली शिटी झाली तशा त्या दचकल्या. दुसरीला चौकटीवरचा हात सुटला. तिसरीनंतर आत येऊन त्यांनी स्वतःच गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "आता डाळ लावते. अर्धाच भरीन."

त्या दिवशी जेवायला अडीच वाजले. भीती काही एका दिवसात गेली नाही. पुढचे दोन आठवडे त्या कधी आत, कधी दारात असायच्या. पण त्याच संध्याकाळी त्यांनी पुण्याला सुनेला फोन लावला.

"श्वेता, तुमच्या कुकरचा व्हॉल्व्ह किती वर्षाचा आहे वं?"

श्वेताला माहीत नव्हतं.

"मग जाऊन पाह्य," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "मी फोन धरून बसते."