मी काय बोललो नाय

कॉम्प्रेसर आलेला नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत येणारही नाही. तशी मुंबईहून आलेली तार मोरूच्या खिशात.

एवढंच सांगायचंय, संध्याकाळच्या बैठकीत. मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्याचं काम मोरूकडे. संचालकांनीच त्याला नेमलेलं. पण चेअरमन खंडूशेठनी पौर्णिमेचं उद्घाटन बंदरभर सांगून टाकलंय. त्या भरवशावर लाँची निघतील, मासळी भरून येतील, आणि बर्फ

नसेल.

सांगायचं. कसं?

"बैठकीत एकदम फोडू नको हां," आप्पा म्हणतो. संचालक, दोन लाँचींचा मालक. जाळं सांधताना मान वर करत नाही. "आधी एकेकाच्या घरी जा. चहा घे. मग हळूच विषय काढ. आणि मी काय बोललो नाय."

म्हणून चहा.

गोदूबाईकडे आल्याचा. तीही संचालक. "तारीख पुढं ढकल रे बाबा. सुरमई कुजली तर बाजारातल्या बाया मला फाडून खातील. पण पहिली मी बोलायची नाय. आप्पा बोलला की मी हाय."

परत आप्पाकडे. जवळजवळ धावत.

"गोदू बोलली तर मी हायच की! चहा टाकू?"

तिसरा संचालक रामाभाऊ: "मी त्या दोघांच्या मागं."

चढ. उतार. आणखी एक चहा. बैठक.

खंडूशेठ वाचतायत, "कारखान्याचं काम समाधानकारक. मंजूर?"

आप्पा गोदूबाईकडे बघतो. गोदूबाई रामाभाऊकडे. रामाभाऊ पंख्याकडे.

"तर मंजू—" खंडूशेठ म्हणू लागतात.

"कॉम्प्रेसर आलेला नाही." मोरू उभा आहे. कधी उठला? "पौर्णिमेला बर्फ मिळणार नाही. लाँचवाल्यांना आजच सांगायला हवं."

"हे इथं बोलायला कोणी शिकवलं तुला?" खंडूशेठ विचारतात.

तीन चेहरे मोरूकडे.

"कोणी नाही."

तीन श्वास सुटलेले ऐकू येतात. मग आप्पाचा हात वर. लगेच गोदूबाईचा, रामाभाऊचा. तारीख पुढे.

"आता बंदरावर तूच जा," खंडूशेठ म्हणतात. "शिव्या तूच खा. तुला ठेवायचं की नाही, ते मग बघू."

पायऱ्यांवर आप्पा गाठतो. "बरा बोललास! आता लाँचवाल्यांना सांगताना एक कर. मी काय बोललो नाय हां, पण—"

मोरू थांबत नाही. "चला ना बरोबर, आप्पा. तिथंच बोला. मोठ्यानं."

मागे आप्पा चपला शोधतोय. चपला पायातच आहेत.