आंदणातला चोवीस इंची

माणिकगड पहाडाच्या घाटातून माझ्याइतक्या वेगानं उतरलेली सायकल अजून जन्माला आली नाही. जिवतीपासून गडचांदूरपर्यंत कोणालाही विचारा. फक्त एवढं विचारू नका, की तो वेग कोणाच्या मर्जीचा होता. ब्रेक लागला नाही, बाप्पा! आणि 'उतरलो' म्हणणंही जरा जास्तच झालं. शेवटचा तुकडा मी घाणेरीच्या झुडपांतून गेलो, चाकं वर करून.

मी बोलतोय तो सायकलीचा सांगाडा. दुकानदार मला फ्रेम म्हणतात. चाकं, चेन, घंटी, सीट हे सगळे पाहुणे. येतात, झिजतात, जातात. घरधनी मी. चोवीस इंची, अंगानं काळा, कपाळावर सोनेरी पट्टी. पट्टी गेली, तिथं आता गंज आहे, पण दुरून तो सोनेरीच दिसतो. शिक्षण माझं अर्धवट. गावच्या शाळेच्या भिंतीला टेकून रोज सकाळी उभा असायचो. शेजारच्या डेअरीत दूध मापून होईपर्यंत जेवढे पाढे कानावर पडले तेवढे येतात. पुढचा हिशोब मी अंदाजानं करतो, माणसांसारखाच.

जन्म माझा पंजाबाकडचा. ट्रकमधून, गवतात गुंडाळलेला, गडचांदूरला आलो आणि वारलू मिस्त्रीच्या दुकानात छताला टांगला गेलो. शेजारी माझे दोन धाकटे भाऊ लटकत, एक बावीस इंची, एक वीस इंची. मी त्यांना खूप चिडवायचो. "तुमच्यावर पोरी बसतात," म्हणायचो. उंचीची मोठी मिजास होती मला.

ते नव्वद सालानंतरचे दिवस. लग्नात जावयाला सायकल देणं म्हणजे मोठं आंदण. एका बाजाराच्या दिवशी लटारू आला. खालच्या गावचा धानवाला शेतकरी, सागाच्या बल्लीसारखा सरळ आणि उंच, डोक्याला लाल दुपट्टा. त्याच्या मुलीचं, रीताचं, लग्न पहाडावरच्या धनराजशी ठरलं होतं.

"सगळ्यात मोठी काढ," लटारू म्हणाला.

"जवाई किती उंच हाय, लटारूभाऊ?" वारलूनं विचारलं.

"काऊन?"

"पायाले बरोबर बसाले पाहिजे ना. पहाडातला मानूस, उताराचा रस्ता. दांड्याच्या दोन बाजूले पाय टाकून उभं राह्यलं, की टाचा टेकल्या पाहिजेत."

"जवायाले मोजत असते काय कोनी? का म्हनू त्याले, बापू, इकडं या, तुमचे पाय मोजतो? लगन मोडाचं हाय काय माह्या पोरीचं?"

वारलूनं मला खाली काढून दोन चाकं अडकवली. गिऱ्हाईक गेलं तर काय, एवढीच त्याला काळजी. मग लटारूनं स्वतःच मला दोन पायांत घेतलं. त्याच्या टाचा जमिनीला लागल्या, दांडा आणि धोतर यांच्यात मूठभर जागा उरली. "हे पाह्य! बरोबर हाय," तो म्हणाला. अशी जावयाची सायकल सासऱ्याच्या पायानं मोजली गेली. पुढं पार्टही त्याच डोक्यानं निवडले. लखलखणारं कॅरिअर, डायनामो, दोन सुरांत वाजणारी घंटी, हॅन्डलला गोंडे. मांडवात काय शोभेल, हे सगळ्यांनी पाहिलं. घाटात काय थांबेल, हे कोणी पाहिलं नाही. ब्रेक म्हणून दोन लोखंडी सळ्या आणि रबराचे चार गुटके लागले, जे सगळ्यांनाच लागतात.

लग्नात धनराजला माझ्यावर बसवलं. पोरगा चांगला, मेहनती, पण उंचीला देवानं त्याला गुंडाळी करून ठेवलं होतं. दोन्ही पाय झोपाळ्यावरच्या लेकरासारखे लोंबले. मला राहवलं नाही. मी स्टँडवर जरासा कललो. नवरदेवानं घाबरून मांडवाचा खांब धरला, बाया फिदीफिदी हसल्या. लटारू मात्र छाती काढून सगळ्यांना सांगत होता, "चोवीस इंची हाय!" हसलो मीही. ते माझं शेवटचं मोकळं हसू.

कारण दुसऱ्याच महिन्यात धनराज पहाडावरचं दूध खाली डेअरीत पोचवायला लागला. दोन कॅन कॅरिअरला, खाली घाट, आणि घाटाच्या एका बाजूला दरी. माणसाचा पाय जमिनीला पोचत नसला, की थांबायचं कसं? मधेच थांबायचं झालं तर धनराज मला एखाद्या दगडाला नेऊन टेकवायचा आणि मग उतरायचा. दगड नसला तर चप्पल पुढच्या टायरवर घासायचा. मी त्याच्या मांड्यांची थरथर दांड्यातून ऐकायचो. रोज सकाळी मला वाटे, आज दरीत.

तिकडची एक रीत तुम्हाला सांगतो. लादलेली सायकल घेऊन उतरणारा प्रत्येक जण घाटाच्या माथ्यावर धावड्याची पालेदार फांदी तोडतो आणि मागं दोरीनं बांधतो. ती रस्त्यावर घासत येते आणि सायकलीला मागं ओढून धरते. खाली पोचलं की फांदी सोडायची. बाया सरपणाला नेतात. त्या फांदीच्या भरवशावर आम्ही जगत होतो. माझा सगळा दिमाख शेपटीला पाला बांधून चालला होता. हसा, हसा. मी तर रोज तिच्या पाया पडत असे.

रीता रोज घाटाच्या माथ्यावर येऊन उभी राहायची. मधल्या वळणावर पोचलो की धनराज घंटी वाजवायचा, ती ऐकली की रीता घरी वळायची. तोपर्यंत तिनं पदराचं टोक चावून चावून चोथा केलेला असायचा.

तिनं उपाय कमी केले नाहीत. सीट पार खालपर्यंत ठोकून घेतली. पायडलला लाकडाचे ठोकळे बांधले. वजन वर असलं की सायकल डुलते, म्हणून कॅन चाकाच्या दोन बाजूंना खाली लटकवले. गुटके बदलले, फाटायच्या आधीच टायर बदललं, चिखल अडकतो म्हणून मडगार्ड वर उचलून बांधलं. माझ्या अंगावरचे सगळे पाहुणे बदलले. आजार मात्र घरधन्याचा होता, आणि तो तिला ठाऊक होता.

"हे फ्रेमच बदलवा ना," ती म्हणायची. "वीस इंची घेऊ. टाचा तं टेकतीन."

"मामाजीनं देल्लं हाय," धनराज म्हणायचा. "आंदणातली सायकल बदलवली तं त्यायले काय वाटन?"

"अन् तुमी दरीत गेले तं त्यायले लय बरं वाटन!"

धनराज नुसता हसायचा. मी मात्र आतून गारठायचो. बदललं तर मी भंगारात, नाही बदललं तर तो दरीत. अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी, हे शाळेच्या भिंतीनं मला शिकवलं नव्हतं.

मग तो पोळ्यानंतरचा दिवस आला. रात्रभर झिमझिम होती, रस्ता ओला, माझी रिम ओली. ओल्या रिमवर रबरी गुटका म्हणजे साबणावरचा हात. तरी मागं फांदी होती, आम्ही सावकाश चाललो होतो. मधल्या वळणावर धनराजला खाली लाल दुपट्टा दिसला. लटारू मुलीला भेटायला पायी वर येत होता.

धनराजनं मला दगडाला टेकवलं. मला वाटलं, आता हा उतरून चालत जाईल. शहाणा झाला! पण त्यानं मागं जाऊन फांदीची दोरी सोडली. सासऱ्यानं मांडवात मिरवून दिलेली सायकल, ती मागं झाडझुडूप ओढताना सासऱ्याला कशी दिसू द्यायची? आणि त्या गडबडीत घंटी वाजवायची राहिली.

चाक फिरलं, आणि मला कळलं, की आता माझं कोणी ऐकणार नाही.

आमच्या भागात मोठं माणूस समोर आलं की सायकलीवरून उतरायचं. सासरा असला तर चाक थांबायच्या आधी पाय जमिनीवर पाहिजे. वर बसून रामराम घालणं म्हणजे अपमान. लटारू रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, जावई उतरेल म्हणून. धनराजनं दोन्ही ब्रेक आवळले. सळ्या कुरकुरल्या, गुटके घसरले. त्यानं पाय खाली सोडला. पाय हवेतच. दुसरा सोडला. तोही हवेत. दरी डाव्या हाताला होती. मी जीव एकवटून उजवीकडे झुकलो, आणि आम्ही लटारूच्या दुपट्ट्याला वारा घालत त्याच्या अगदी अंगाजवळून गेलो.

"रामराम, मामाजी!" धनराज जाता जाता ओरडला. संस्कार बघा पोराचे.

पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं. घाणेरी, उलटी चाकं, आणि उतारावरून वाहणारं पांढरं दूध.

लटारू धापा टाकत आला. झुडपात वाकून त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा: "जवाईबापू, उतरले काऊन नाई?"

धनराजचा गुडघा पार वळला होता. ओठ पांढरे. तो माझ्या दांड्याखालून म्हणाला, "पाय पुरत नाई, मामाजी."

एवढंच. लग्न झाल्यापासून जे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं, ते घाणेरीच्या काट्यांनी काढलं.

घंटी ऐकू आली नाही म्हणून रीता वरून धावतच निघाली होती. चपला कुठं तरी गळाल्या होत्या. तिनं नवऱ्याला चाचपून पाहिलं, जिवंत आहे अशी खात्री केली, आणि मग बापाकडे वळली.

"बाबा, सायकल तुमच्या पायानं घेतली. घाट तं हे उतरतेत."

लटारू खाली बसला. दुपट्टा काढला, जावयाचा गुडघा बांधला आणि त्याला पाठुंगळी घेऊन वर चालू लागला. सासऱ्याच्या पाठीवर जावई! रस्त्यानं भेटलेल्यांनी माना खाली घातल्या. मी एकटा झुडपात हसलो, पण हसू लवकर संपलं.

पुढच्या बाजाराला रीतानं नवऱ्याच्या टाचेपासून जांघेपर्यंतच्या मापाची एक बांबूची कमची तोडून बापाच्या हातात दिली. लटारूनं ती छत्रीत लपवून नेली, कारण जावयाचं माप घेऊन बाजारातून फिरताना लाज वाटत होती. वारलूनं कमची लावून पाहिली आणि माझा वीस इंची धाकटा भाऊ खाली काढला. माझी चाकं, घंटी, कॅरिअर सगळं त्याच्या अंगावर चढलं. गुडघा जरा बरा झाल्यावर धनराज रीतासोबत नवी सायकल न्यायला आला; ज्याला मी चिडवायचो, त्याच्यावर बसून तो दुकानाबाहेर थांबला आणि लंगडत का होईना, दोन्ही टाचा टेकवून उभा राहिला. रीता तेव्हा रडली. मीही रडलो असतो, पण मला गंज चढतो.

भंगारात गेलो नाही. लटारूनंच मला नेलं, दुसरी जुनी चाकं लावली. मी त्याला बरोबर बसत होतो ना. सपाट रस्ता, शेतावर जाणं, आठवडी बाजार. सुखाचे दिवस.

पण माणसं झिजतात हो, सांगाड्यासारखी उंची धरून राहत नाहीत. आता लटारू वाकला आहे. आज त्यानं मला एसटीच्या टपावर चढवलं आणि पहाडावर लेकीकडे आणलं. जेवण झालं, आणि आता म्हणतो, परत एसटी नको, घाटानं सायकलीवर उतरतो. घाटात आता डांबर गुळगुळीत झालं आहे, ट्रकही वाढले आहेत. त्यानं माझ्यावर पाय टाकला, आणि त्याच्या टाचा हवेत आहेत. मला कळतंय. त्याला कळतंय की नाही, ठाऊक नाही. वाचणारे हो, तुमच्यापैकी कोणाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत असेल तर सांगा त्याला. माझा नाही पोचत. मी फक्त चेन पाडू शकतो. पाडली. त्यानं पुन्हा चढवली.

तेवढ्यात धनराज, रीतानं आढ्यात जपून खोचलेली ती जुनी कमची घेऊन आला.

"मामाजी, जरा इथी सरळ उभे राहा."

"कायले?"

"मोजतो."

"खुळा झाला काय, बापू? सासऱ्याले मोजत असते काय कोनी?"

"नाई मोजलं तं घानेरीतून काढा लागते, मामाजी. अन् तुमाले पाठीवर घेऊन वर आनाले माहा गुडघा आता वाकत नाई."