काचेचं पान

भिंतीपलीकडे औषधवाली पुन्हा हसली, आणि बाइंडरबाईंचा दोरा सुईच्या नेढ्यातून तिसऱ्यांदा निसटला.

भिंत कसली, प्लायवुडचा तुकडा. अलीकडे बाइंडरबाईंचं पुस्तकबांधणीचं दुकान, पलीकडे घड्याळवाल्यांचं. तिकडची शिंकसुद्धा इकडे येताना परवानगी मागत नसे. हसणं मात्र नवीन होतं. समोरच्या औषधांच्या दुकानात दोन महिन्यांपूर्वी लागलेली ती मुलगी घड्याळाचा पट्टा बदलायला आली काय, आणि रोज चारच्या चहाला स्टुलावर ठाण मांडून बसायला लागली काय.

त्या स्टुलावर अकरा वर्षं बाइंडरबाई बसत आल्या होत्या. शाळा सातवीला सुटलेली. पुढचं सगळं शिक्षण दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांवर, तेही खळ वाळेपर्यंत. अशा बाईच्या हातात घड्याळवाल्यांनी एकदा आपल्या वडिलांच्या वेळचा विज्ञानकथांचा संग्रह ठेवला होता. चौदा गोष्टी. पहिली वाचताना गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी बाई चंद्रावरच होत्या. त्यानंतर तो संग्रह किती वेळा वाचला याला गणती नाही. रोज चारला दोघं त्यातलीच एखादी गोष्ट काढून भांडत बसत. तसलं काही नाही, असं बाई स्वतःला बजावत. घड्याळवाले विधुर, बाई एकट्या, पण तसलं काही नव्हतंच. चहा होता.

पण पहिलं वाचन एकदाच होतं, आणि बाईंचं ते होऊन गेलं होतं. आता पाळी त्या पोरीची. चौदाच्या चौदा गोष्टी तिच्यासाठी कोऱ्या करकरीत. याचा बाईंना जितका हेवा वाटे तितका तिच्या काळ्याभोर केसांचाही वाटला नव्हता, आणि केसांचा वाटला नव्हता असं नाही. वर पुस्तकाची शिवण उसवली म्हणून घड्याळवाल्यांनी ते बांधायला कुणाकडे द्यावं, तर बाईंकडेच. म्हणाले, "जरा लवकर द्या हं बाई, ती वाट बघतेय." सवतीच्या साडीला आपणच इस्त्री करून द्यायची, त्यातलाच प्रकार.

पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, एकीवर एक रचून शिवायच्या. शिवण्याआधी प्रत्येक घडीचा आकडा बोटाने तपासायचा, ही बाईंची तीस वर्षांची रीत. त्या दिवशी बोट सहाव्या घडीवर होतं, तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "काका, मग त्या यंत्राला रडू येतं?"

'काका' ऐकून बाईंना जरा बरं वाटलं. मग पलीकडे दोघंही हसले. बाईंनी उरलेल्या घड्या तशाच उचलल्या आणि शिवून टाकल्या.

बांधलेलं पुस्तक पोरीच्या हाती गेलं, त्याच्या पाचव्या दिवशी चारला ती आली ती बसायच्या आधीच बोलायला लागली. बाईही चहाला घड्याळवाल्यांकडे आल्या होत्या, पण मोडक्या स्टुलावर होत्या. चांगलं स्टूल पाहुणीला गेलं होतं.

"चंद्रावरच्या टपालवाल्याची गोष्ट झाली वाचून. सकाळपासून डोक्यातून जातच नाहीये. रिकाम्या घरांत पत्रं टाकत फिरतो, आणि शेवटी त्याच्याच नावाचं पाकीट येतं. तो फोडतो, आणि आत काचेचं एकच पान. अजून वाजणारं."

घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "कसलं पान?"

"काचेचं. पत्राचा कागदच काचेचा. मग तो त्या माळ्याकडे जातो ना, ज्याने ते पाठवलं."

"माळी? त्या गोष्टीत माळी नाही."

"आहे की. म्हातारा आहे."

"अगं, मला ती पाठ आहे. पाकिटात निघतं ते वेगळंच. औषधाच्या चिठ्ठ्याही अशाच वाचतेस की काय? खोकल्याचं मागितलं आणि डोळ्यात टाकायचं दिलं?"

त्यांनी गंमत केली होती, पण पोरीचे कान लाल झाले. "मी नीट वाचलंय, काका."

"पेंगत वाचलं असशील."

तिने चहाचा पेला अर्धाच खाली ठेवला. "उद्या पुस्तक आणून देते. सध्या दुकानात गर्दी असते, वाचायला जमणार नाही."

बाईंना 'काचेचं पान' ऐकताच सगळं कळलं होतं. काचेच्या झाडांच्या माळ्याची ती पुढची गोष्ट. सहावी घडी संपते ती 'टपालवाल्याने पाकीट फोडलं, आणि आत' या शब्दांवर. आठवी सुरू होते माळ्याच्या टोपलीवरून, मधल्याच वाक्यात: 'काचेचं एकच पान होतं, अजून वाजणारं.' सातवी घडी त्यांनी आठवीच्या मागे शिवली होती. पान झाडालाही असतं आणि पत्रालाही. गोष्टीत बुडाल्यावर पानांचे आकडे कोण बघतं? सांधा असा बेमालूम बसला होता की ती पोरगीच काय, कुणीही फसलं असतं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. ती पुस्तक ठेवून जाईल, पुन्हा फिरकायची नाही. स्टूल रिकामं होईल. तीस वर्षांचं नावही शाबूत राहील. बाईंनी चहाचा घोट घेतला. पोरगी पायरीपर्यंत पोचली. बाईंनी दुसरा घोट घेतला, आणि नको ते मनात आलं. आपण दोन्ही गोष्टी इतक्यांदा वाचल्या, पण टपालवाला माळ्याकडे जाईल असं आपल्याला कधी सुचलं नाही.

"माळ्याकडे गेल्यावर काय म्हणतो गं तो?"

पोरगी वळली. "काही नाही म्हणत. दोघंही एकटेच ना. खांद्यावरची पिशवी खाली ठेवतो फक्त."

पुस्तकात टोपली होती, आणि ती माळी ठेवत होता. टोपलीची पिशवी हिने मनानेच केली होती.

"घड्याळवाले," बाई म्हणाल्या, "तिने नीट वाचलंय. मीच घड्या उलट शिवल्यात. सातवी आठवीच्या मागे गेलीय."

"तुम्ही? उलट?"

"मी."

"असं कसं झालं?"

"तुम्ही दोघं हसत होतात."

घड्याळवाले भिंग पुसायला लागले, स्वच्छ होतं तरी. मग पोरगीच हळूच म्हणाली, "म्हणजे पाकिटात खरं काय असतं, ते मला अजून माहीतच नाही? आणि माळ्याची गोष्ट वेगळी आहे? तीही राहिलीय?"

तिचा चेहरा असा उजळला की बाईंना पुन्हा तिचा हेवा वाटला. नाव घालवलं आपण, आणि हिला गोष्टी परत मिळाल्या. वर एक जास्तीची, जी कुणी लिहिलीच नव्हती.

"जा, घेऊन ये पुस्तक," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे ये."

दहा मिनिटांत पोरगी बाईंच्या दुकानात कागदांच्या ढिगाशेजारी बसलेली होती. बाईंनी पुस्तकाच्या पाठीचा पुठ्ठा सोडवला, दोरा कापला, सातवी घडी अलगद काढून तिच्या हातात दिली. "शिवण सुटलेली घडी दुकानाबाहेर न्यायची नसते. इथेच वाच." असा नियम कुठल्याही बांधणीवाल्याने कधी ऐकला नसेल.

पोरगी वाचायला लागली. दुसऱ्या ओळीला तिचा अंगठा कागदावर थांबला, ओठ उघडे राहिले. बाईंनी सुई हातात घेतली, पण ओवायची घाई केली नाही.

दारात घड्याळवाले येऊन उभे राहिले. "उघडलं का पाकीट?" त्यांनी मान आत घालून विचारलं.

"तुमच्याकडे गिऱ्हाईक आलंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी मागे वळून पाहिलं. "कुठे? कुणी नाही."

"येईल," बाई म्हणाल्या, आणि पायाने दार लोटून घेतलं.