अडचण

दिवाण उंबऱ्यात अडकला तो अडकलाच. आतून योगिता ढकलत होती, बाहेरून साखराबाई ओढत होती, आणि दिवाण काही केल्या दाद देईना. उद्या घट बसायचे होते. घरातली चिंधीसुद्धा धुतल्याबिगर राहता कामा नये, हा साखराबाईचा दंडक. शेवटी कशीबशी त्याची तंगडी मोकळी झाली.

"आत्याबाई, जरा दम खावा," सून म्हणाली.

दम कसला खातेय ती! सकाळपासून दोघींनी घर पार रितं केलं होतं. सोफा, टीव्ही, गाद्या, स्टीलचे डबे, दोन मिक्सर, त्यातला एक अजून खोक्यातच. पाली गावाजवळच्या त्या माळावर अंगणात जणू जत्रा भरली होती. सगळ्यांच्या वर आरशाचं कपाट चमकत होतं. साखराबाईचा जन्म मेंढरांमागं गेलेला. तेव्हा सगळा संसार एका घोडीच्या पाठीवर मावायचा, आणि त्या घोडीमागं चालता चालता तिनं या कपाटाचाच ध्यास घेतला होता. पोरगा सोमनाथ बीडला नोकरीला लागला, मेंढरं विकली, घर बांधलं, कपाट आलं. हौस फिटली म्हणावं, तर नवऱ्याचं हे असं होऊन बसलं.

धुळाजीला दोन वर्षांपासून माणसं ओळखू येत नव्हती. सोमनाथला तो पाहुणा समजायचा. साखराबाईला 'बाई' म्हणायचा, आणि तिनं वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन अदबीनं विचारायचा, "आमची मंडळी कुठं हाय वो?"

"मीच की," ती सांगायची.

तो मान हलवायचा. परक्या बाईला उगाच कशाला दुखवा, म्हणून. ती अदबच तिला फार लागायची. एखादी शिवी हासडली असती तरी तिला गोड वाटलं असतं. बापाचा जीव रमावा म्हणून सोमनाथ दर महिन्याला घरात काहीतरी नवं आणून टाकत होता, आणि म्हातारा भिंती चाचपत चालायला लागला होता.

उन्हं डोक्यावर आली तसा धुळाजी लिंबाखालून उठून आला. अंगणभर मांडलेला पसारा बघून थबकला. मग त्याचा चेहरा उजळला.

"बिऱ्हाड हलवायचं का?"

योगिताला हसू आलं. साखराबाईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

"व्हय," ती म्हणाली. का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

मग काय, गडी कामालाच लागला. सामानातून वाट काढत त्यानं तवा घेतला, काठवट घेतली, कळशी, दोन गोधड्या, देवाचा डबा. टीव्हीला वळसा घातला. आरशातल्या म्हाताऱ्याला रामराम घातला आणि पुढं झाला. सगळं गोधडीत घालून गाठ मारली. सदऱ्याची गुंडी लावताना रोज चुकणारी बोटं गाठीला मात्र चुकली नाहीत.

"मामा, अन् बाकीचं?" योगितानं विचारलं.

"ज्याचं त्याला देऊन टाका." मग तो साखराबाईकडं वळला. "चल गं साखरे. ऊन कलायच्या आत पोचू."

दोन वर्षांनी आपलं नाव ऐकून साखराबाईला रडू फुटलं. ते पदरानं निपटून तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि त्याच्यामागं निघाली. जायचं कुठं? तो पुढं, ती मागं, बांधाबांधानं. त्याची पाठ ताठ झाली होती. काळी मेंढी आज-उद्या व्यायची, सांगत होता. ती व्हय व्हय म्हणत होती. आपण त्याला फसवतोय की आपलंच डोकं फिरलंय, तिला काही उमगेना. एवढं खरं, की जीव हलका झाला होता, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

शेताला वळसा घालून तिनं त्याला हळूच घराच्या मागच्या दाराशी आणलं.

धुळाजी आत शिरला. ओली फरशी, उघड्या भिंती. त्यानं चारी बाजूंनी नजर फिरवली.

"जागा बरी हाय."

गाठोडं सोडून त्यानं गोधडी अंथरली, पाय लांब केले आणि बायकोला हाताला धरून शेजारी बसवलं. मग त्यानं आवाज बारीक केला.

"साखरे, आपण हितं हाय ते त्या बाईला सांगू नको."

"कोणत्या?"

"ती गं, आरशाच्या कपाटाची. माणूस वाईट न्हाई. लई दिवस जेवू घातलं, कदी तोंड वाकडं केलं न्हाई. पर तिच्या घरात अडचण लई. अन् सारखी म्हनायची, मीच तुमची मंडळी म्हून." तो हळहळला. "बिचारीला कुनी नसंल."

साखराबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिचा हात त्याच्या हातात होता, घट्ट धरलेला.

अंगणातून योगिताची हाक आली, "आत्याबाई, हे आलेत. काय काय आत घ्यायचं?"

धुळाजीनं दचकून दाराकडं पाहिलं. साखराबाईनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि ओ दिली नाही.