काट्यावर वाढलेली चांगुणा

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात विंचूरच्या कांदा बाजारामागं दर गुरुवारी हजारभर माणूस जमायचं, तेही एका वजनकाट्याच्या दर्शनाला. काट्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ आणि शेजारी पाटावर भारबाबा. आजाऱ्याला काट्यावर उभं करायचं, अंगाऱ्याच्या पुड्या द्यायच्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तोलायचं, एवढाच चमत्कार. वजन वाढलेलं असायचंच.

"डॉक्टर नुसती नाडी धरतात," बाबा सांगायचे. "आम्ही आयुष्य किलोवर मोजून देतो. कमी भरलं तर अंगारा परत आणा."

काट्यावर कोंडाजी असायचा. बाजारातला मापारी, वीस वर्षांत त्याच्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. लोकांचा बाबांपेक्षा त्याच्यावर विश्वास जास्त, आणि त्याचा काट्यावर. खोकल्यातापानं झिजलेली त्याची बायको चांगुणा आधी चौतीस किलो भरली होती. आज एकोणचाळीस. तापही उतरला होता. कोंडाजीनं आकडा दोनदा मोठ्यानं वाचला.

पण घरी येताना चांगुणा वाटेत तीनदा खाली बसली.

"पाय जड झालेत," ती म्हणाली. "बांगड्या बी रुतत्यात."

"अंग धरतंय तुझं."

बोलता बोलता त्याला पुंजाराम आठवला. मागच्या महिन्यात पुंजाराम याच काट्यावर सात किलोंनी वाढला, त्याचेही पाय असेच जड झाले, पेढे वाटले गेले आणि आठव्या दिवशी तो गेला. तिरडी इतकी जड झाली की खांदेकऱ्यांना वाटेत दोनदा बदली घ्यावी लागली. कोंडाजीनं बायकोच्या पायांकडं पुन्हा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या नर्स कलाबाई घरी आल्या. कोंडाजीनं आधी वजन सांगितलं. त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

"चांगुणाबाई, पाण्याच्या खेपा किती करता?"

"दिवाळीत चार व्हायच्या. आता कळशी बी उचलत नाय."

कलाबाईंनी तिचा हात उचलला. मनगटावर बांगड्या रुतल्या होत्या, आणि दंडातली चांदीची वाकी मात्र सैल होऊन कोपरापर्यंत घसरली होती.

"दंड वाळलाय, कोंडाजी. मग वाढलंय काय?" त्यांनी विचारलं. "कांदा घेताना तुम्ही नुसतं वजन बघता?"

"नाय. आंगठ्यानं दाबून बघतो. भिजलेला माल काट्यावर जड भरतो, आतून सडलेला ऱ्हातो."

"मग इथं दाबा."

कोंडाजीनं तिच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. असला माल त्यानं जन्मभर परत पाठवला होता.

कलाबाईंनी पुडी पाण्यात सोडून फडक्यातून गाळली. राखेत पांढरा तुकडा निघाला. मधोमध रेघ असलेली, अर्धवट कुटलेली गोळी.

"स्टेरॉइड असणार. यानं ताप दबतो, भूक लागते, अंगात पाणी साठतं. तेच तुमचे पाच किलो. आजार आत वाढतोच आहे. आजच नाशिकला न्या."

नाशिकच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि चांगुणाला ठेवून घेतलं.

गुरुवारी तीन आठवडे अंगारा घेतलेला नाथा काट्यावर चढला तेव्हा कोंडाजी गुडघ्यावर बसला आणि त्यानं त्याची नडगी दाबली. खड्डा पडला.

"आकडा वाच," बाबा म्हणाले.

"आधी हे काय हाय ते सांगा."

"आशीर्वादाचा ठसा आहे तो."

"मंग पुंजारामला बी हाच ठसा होता."

गर्दीतून पुढं येऊन कलाबाईंनी गोळीचा तुकडा सगळ्यांना दाखवला आणि पुड्या घेऊन लगेच दवाखान्यात चला म्हणून सांगितलं. मग एकेक माणूस खाली वाकून स्वतःचा पाय दाबू लागला. बरीच माणसं वाकल्यावर लवकर उठली नाहीत. बाबा पाटावरून उठले, पण कलाबाईंनी बोलावलेले फौजदार आधीच येऊन उभे होते.

दवाखान्यात चांगुणाचं वजन तेहतीसवर आलं. कोंडाजी घाबरला. कलाबाई म्हणाल्या, "सूज उतरली. आता वजन नको, पायऱ्या मोजा." पहिल्या आठवड्यात ती चार पायऱ्यांवर दमली. महिन्यानं अख्खा जिना न थांबता चढली. पाडव्याला घरी तिनं पाण्याची एक घागर भरून आणली आणि वाकी पुन्हा दंडात घट्ट बसवली.

बाबा कोठडीत गेले तरी काटा तिथंच आहे. त्याचा काही दोष नाही. त्यावर किती चढलं तेवढंच तो सांगतो. काय चढलं, हे आपण विचारायचं असतं. पुंजारामच्या वेळी ते कुणीच विचारलं नाही.